राईट म्हणजे कोणतं राईट

राईट हा शब्द मी शाळेत शिकलो नाही, एसटीत शिकलो. न्हावऱ्याच्या फाट्यावर गाडी थांबायची, माणसं कोंबली जायची आणि कंडक्टर दारातून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारायचा, ‘राईट!’ त्या एका शब्दानं गाडी हलायची. मग मागून कुणी पळत येऊ दे, टोपी हलवू दे, शिव्या देऊ दे, गाडी थांबत नसे. तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या शब्दाचा अर्थ पक्का बसला. राईट म्हणजे ठरलं. आता मागं फिरणं नाही.

पुढे कांद्याच्या व्यापारात पडलो तर तिथंही तोच अर्थ. आमच्याकडे सौदा करताना माणसं नाही-हो करत दुपार घालवतील, रागानं उठून जातील, परत येऊन बसतील, एकमेकांच्या बापजाद्यांची खबर घेतील. पण समोरचा एकदा ‘राईट’ म्हणाला की चहा येतो, आणि चहा आला की बोलणं संपलं. राईट म्हणून नंतर भाव पाडणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी जात नाही.

माझे आजे-पणजे मेंढरांमागं हिंडले. वडिलांनी जमीन धरली, मी बाजार धरला. मला कुणी बोट धरून बाजारात नेलं नाही. धक्के खात गेलो आणि धक्के देत उभा राहिलो. हे सांगायचं कारण एवढंच, की जे मी स्वतः ओढून आणलं ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसलेलं मला बघवत नाही. मग तो दुसरा माझा मित्र का असेना.

मित्र दौंडचा. त्याचे वडील रेल्वेत होते, आजोबा चर्चमध्ये पाळक. तो मिशनच्या शाळेत शिकला. त्यांच्या घरात प्रार्थना मराठीत, भांडण मराठीत, पण कपाटातली पुस्तकं इंग्रजी. माझ्या तोंडात जशी शिवी न शोधता सापडते, तशी त्याच्या तोंडात इंग्रजी. त्याचे ट्रक होते आणि माझा कांदा त्याच्या ट्रकमधून जायचा. मी त्याला ‘सायेब’ म्हणायचो, तो मला ‘शेठ’. दोघंही थट्टेनं म्हणायचो, पण त्या थट्टेला थोडी धार असायचीच.

कोलंबोचा पाहुणा मी शोधला. हे मित्रही नाकारत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात एका ढिगापाशी एक सावळा, सडपातळ माणूस उभा होता. पांढरा शर्ट, बगलेत छत्री. बाकीचे व्यापारी ढिगाकडे नुसती नजर टाकून पुढं जात होते. यानं एक कांदा उचलला, उन्हाला धरला, नखानं पत्ती सोलून बघितली आणि नाकाशी नेला. ज्याला कांद्याची पत्ती बघता येते तो माणूस आपला, एवढं मला कळतं. मी सरळ त्याचा हात धरला आणि माझ्या पिकअपमध्ये बसवून न्हावऱ्याला आणला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नव्हती. त्याला थोडी हिंदी सिनेमातली, मला थोडी इंग्रजी मालाच्या खोक्यांवरची. तरी त्यानं माझ्या बायकोच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला. इथपर्यंत जिभेची गरज पडली नाही.

गरज पडली सौद्याला. मी दौंडला फोन केला. “सायेब, जरा ये. एक परदेशी पाव्हणा धरलाय. त्याचं बोलणं सोडव.”

जीभ म्हणून बोलावलं, आणि जिभेनं अख्खा माणूसच गिळला.

त्या दिवशी माझ्या कांदा साठवायच्या चाळीत आम्ही तिघं उभे होतो. भोवती ज्यांचा माल मी घेणार होतो ते शेतकरी, आणि कांदा निवडणाऱ्या बाया. मी भाव सांगितला. मित्रानं तो इंग्रजीत सांगितला. पाहुणा हातातला कांदा फिरवत म्हणाला, “राईट.” मी म्हणालो, माल टिकाऊ आहे, बोटीत घाम धरणार नाही. ते इंग्रजीत गेलं. “राईट.” मी म्हणालो, गोणी माझी, भराई माझी. “राईट, राईट.”

आमच्याकडे एक पुरतो. इथं चार झाले होते. मी घराकडं तोंड करून ओरडलो, “चहा टाका!” शेतकऱ्यांना सांगितलं, “ठरलं बरं का.” हमालांना खूण केली. गोण्या उघडल्या, कांदा पडायला लागला. पाहुणा गोण्यांकडं बघत राहिला आणि मित्राला हळूच काहीतरी विचारू लागला. मित्र त्याच्या कानाशी वाकून बोलला आणि मग माझ्याकडं वळला.

“शेठ, थांब. त्यानं अजून होकार दिलेला नाही.”

“चारदा राईट म्हणला की!”

“ते राईट म्हणजे बरं, ऐकतोय, पुढं बोल. आपण हूं हूं करतो ना, तसं.”

“मग हूं म्हणावं! राईट कशाला म्हणावं?”

“अरे, त्यांच्यात तसं म्हणतात.”

“त्यांच्यात म्हणत असतील. उभा कुठं हाय तो? न्हावऱ्यात! हितं राईट म्हंजी राईट!”

मग माझं डोकं फिरलं. मी पाहुण्याला जे बोललो ते मराठीत होतं म्हणून बरं, पण रागावलेल्या तोंडाला दुभाष्या लागत नाही. तो दोन पावलं मागं सरला. मित्रानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला स्वतःच्या गाडीत बसवलं आणि घेऊन गेला. संध्याकाळी कळलं, सौदा झाला. दौंडला, मित्राच्या ओसरीवर, दुसऱ्यांच्या कांद्याचा.

माझा राग सौदा गेला म्हणून नाही. सौदे जातात-येतात. माझा राग असा, की पहिल्याच राईटला मित्राला कळलं होतं. दुसऱ्याला कळलं होतं. मी चहा मागवला, गोण्या उघडल्या, शेतकऱ्यांसमोर ठरलं म्हणून बसलो, तोवर हा गप्प उभा होता. पुढं भेटल्यावर मी विचारलं, “तवाच का न्हाई बोललास?” तर म्हणतो, “तू बोलू देतोस का मध्ये कुणाला?” हे उत्तर मला अजून पचलेलं नाही.

त्या हंगामात मित्र नुसता ट्रकवाला राहिला नाही, कांद्याचा व्यापारी झाला. त्याचे ट्रक निळ्या ताडपत्र्या ओढून पारगावच्या पुलावरून जायचे. भीमेच्या अलीकडं माझं गाव, पलीकडं त्याचा तालुका. माझ्याच बाजूचा कांदा माझ्या डोळ्यांदेखत पूल ओलांडायचा. मला काही काम नसलं तरी पिकअप त्या पुलाकडं वळायची.

बायको म्हणायची, “पुन्ना पुलावर जाऊन हुबं राहिलात का? दुसऱ्याच्या ट्रककडं बघून आपल्या चाळीतला कांदा सडायचा ऱ्हात न्हाई.”

“वास घ्यायला गेलतो. पाणी लागल्याला माल भरलाय त्यानं.”

“वास तुमच्या पोटातनं येतोय,” ती म्हणायची.

कुणी सांगायचं, मित्राच्या घरात आता लंकेचा चहा असतो. कुणी म्हणायचं, शोकेसमध्ये लाकडी हत्ती आलाय. चहा आणि हत्ती मी गिळला. गिळता आला नाही तो एक फोटो. त्यानंच मोबाईलवर दाखवला होता, अगदी साध्या मनानं. त्याच्या घरच्या टेबलाशी पाहुणा आणि तो, दोघंही मान मागं टाकून हसतायत. पुढं ताटं तशीच. मी विचारलं, “कशाला हसत व्हता?” तो म्हणाला, “आता आठवत नाही रे. काहीतरी बोललो असू.” माझ्याकडं तो माणूस जेवला होता, ठेचा खाऊन रडला होता, पण असा हसला नव्हता. त्याला हसवायला माझ्याजवळ शब्दच नव्हते. मी शोधलेल्या माणसाचं हसू मित्राला फुकट मिळालं होतं, आणि वर त्याला त्यातलं काही आठवतही नव्हतं.

पुढचा हंगाम आला. पाटसला हायवेच्या कडेला चहा पिताना मित्रच म्हणाला, “शेठ, पाहुणा येतोय रविवारी. यंदाही या भागात एकच माणूस ठेवायचा म्हणतोय. दोघादोघांशी बोलणं त्याला जड जातं. मी म्हटलं, दोघांच्या चाळी बघ आणि मग ठरव.”

“तू म्हणलास?”

“मीच म्हटलं.”

त्यानं हे चांगुलपणानं केलं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. माझाच पाहुणा हा मला वाढून देत होता, पंगतीत उशिरा आलेल्याला वाढावं तसा. मी चहा अर्धा टाकला. एकच माणूस ठेवणार असेल तर तो मीच असणार, हे मी त्या अर्ध्या कपापाशी ठरवलं.

पाहुणा चेन्नईहून रेल्वेनं दौंडला उतरणार होता. गाडी सकाळची. रविवारी सकाळी मित्र घरच्यांना घेऊन चर्चमध्ये असतो. पाहुण्यानं स्टेशनवरच थांबायचं आणि प्रार्थना सुटली की मित्रानं आणायला जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मी गाडी यायच्या आधीच फलाटावर उभा.

पाहुणा उतरला. मला बघून हसला, पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं कुणाला तरी शोधत होती. ती नजर मी बघितली. त्याची बॅग उचलली आणि म्हणालो, “कम, कम.” त्यानं मित्राचं नाव घेतलं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि चर्चच्या बाजूला बोट केलं. तो हसला आणि पिकअपमध्ये बसला.

दौंडच्या बाहेर पहिला फाटा आला. त्यानं उजवीकडं बोट करून विचारलं, “राईट?”

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. वर्षभर ज्या शब्दानं माझ्या पोटात आग घातली तो शब्द पुन्हा माझ्या गाडीत येऊन बसला होता. मी म्हणालो, “येस. राईट. लेकिन कौन सा राईट? आज सगळे राईट सांगा. वन बाय वन.”

त्याला वाटलं थट्टा आहे. मी चावी काढून खिशात घातली तेव्हा कळलं की नाही. मग त्यानं उजवा हात पुढं केला. “दकुण,” म्हणाला. डावा पुढं केला. “वम.”

मी मनात म्हटलं, हे तर आपलंच. दक्षिण आणि वाम. पोथीतले शब्द हा माणूस रस्त्यावर वापरतोय. मग त्यानं काचेतून लांब खाली, सोलापूरच्याही पलीकडं कुठंतरी हात केला आणि पुन्हा म्हणाला, “दकुण. माय होम.” म्हणजे उजवी बाजू आणि दक्षिण दिशा त्यांच्यात एकच.

“और राईट? ठीक है वाला?”

त्यानं अंगठा वर केला. “हरि.”

“हरी?”

“हरि. ओके. करेक्ट. हरि.”

“आमच्यात हरी म्हंजी देव. गॉड.”

तो म्हणाला, “गुड. गॉड इज राईट.”

मला हसू आलं. त्यालाही आलं. मी चावी लावली, पण अजून एक राईट राहिला होता, आणि तोच मला हवा होता. मी छातीवर हात मारून म्हणालो, “माय राईट. हक. मेरा हक.”

तो माझ्याकडं नीट बघत म्हणाला, “अयितिय.”

“अ-यि-ति-य,” मी म्हणालो. शब्द अवघड होता. पण जो शब्द आपल्याला हवा असतो तो जिभेवर बसायला वेळ लागत नाही. शेवटचा राईट त्यानं स्वतःहून दिला. पायातली चप्पल काढली, उलट्या पायात घालायचा प्रयत्न केला, मान हलवली, मग नीट घातली. चप्पल पायाला बरोबर बसली. “सुदुसु,” तो म्हणाला. जे जिथं शोभतं, बसतं, लागू पडतं ते सुदुसु. योग्य.

मी त्याला आमचे दिले. बरोबर, उजवा, हक्क, योग्य. आणि सांगितलं की आमच्यात उजवा म्हणजे सरसही, आणि डावं-उजवं करणं म्हणजे एकाला जवळ करून दुसऱ्याला लांब ठेवणं. ते कसं, असं त्यानं विचारलं. मी स्टिअरिंगवर दोन बोटं उभी केली. “ये मैं. ये वो दौंडवाला. तुमने डावं-उजवं किया.”

त्यानंही तशीच दोन बोटं उभी करून बघितली. कळलं की नाही कळलं, मला सांगता येत नाही.

आदल्या वर्षी त्यानं एका राजाची जागा बघायची इच्छा बोलून दाखवली होती, आणि मित्राला सवड झाली नव्हती. मी गाडी थेट वढू बुद्रुकला घेतली. आडवाट पडली, पडू दे म्हटलं. न सांगता त्यानं बाहेरच चप्पल काढली. आत संभाजीराजांच्या समाधीपुढं हात जोडून उभा राहिला आणि मग चालायला लागला. मी त्याच्या पायांकडं बघत होतो. उजवा खांदा समाधीकडं ठेवून, आमच्यासारखाच तो फिरला. फेरी पुरी झाल्यावर म्हणाला, “पॅदकुणु.”

मी म्हणालो, “प्रदक्षिणा.”

दोघांनाही एकदम कळलं की शब्द एकच आहे, नुसता प्रवासात झिजलाय. माझ्या खिशात फोन थरथरत होता. मित्राचा. चर्च सुटलं होतं. मी फोन उचलला नाही. त्या घडीला तो माणूस माझ्याजवळ होता, आणि आमच्या मध्ये दुभाष्याला उभं राहायला जागा नव्हती.

न्हावऱ्याला आलो तर मित्र चाळीपाशी उभा. अंगात चर्चचा इस्त्रीचा शर्ट, काळ्या बुटांवर धूळ.

“पाहुणा पळवायला रविवारच सापडला का रे?”

“पळवला न्हाई. परत आणला. माझाच व्हता.”

“फोन तरी उचलायचा. बायको जेवण मांडून बसलीय.”

“माझी पन बसलीय.”

पाहुणा आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्यानं स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि पोटावर हात फिरवला. “मम,” म्हणाला. त्यांच्यात मी म्हणायला मम म्हणतात. कांदा निवडत बसलेली म्हातारी ओरडली, “अगं बया, सोताला मामाच म्हणतोय की ह्यो! बसा मामा, भाकरी हाय.” बाया हसल्या. पण मला तेव्हा हसायचं नव्हतं. मी मित्राला म्हणालो, “आधी एक विचार त्याला. त्या दिवशी चारदा राईट म्हणला. ते हरि व्हतं का नुसतं हूं?”

“हरि?” मित्र म्हणाला. “हे काय आता?”

“तू विचार.”

“सगळ्यांदेखत?”

“सगळ्यांदेखतच झालं व्हतं.”

त्यानं विचारलं. पाहुण्यानं कपाळाला आठ्या घातल्या, ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोन शब्द बोलला. मित्राचा आवाज खाली आला. “त्याला आठवत नाही.”

“काय आठवत न्हाई?”

“तू ओरडला होतास ते आठवतंय. राईट म्हणाल्याचं आठवत नाही.”

वर्षभर मी जो शब्द चघळत होतो तो त्यानं तोंडात घेऊन चवही न बघता टाकून दिला होता. मी काही बोलणार तेवढ्यात तो ढिगाशी वाकला, कडेचा एक जुळ्यासारखा चिकटलेला जोड कांदा उचलून बोलला. मित्र म्हणाला, “म्हणतोय, माल मिसळ आहे.”

झालं. मी बाही सरसावली, ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि आतला कांदा काढून त्याच्या पुढं धरला. गोल, घट्ट, तांबडी पत्ती चढलेला. लोक वर चांगला ठेवतात आणि पोटात बारकी गोल्टी दडवतात. मी वर बरा ठेवतो आणि पोटात त्याहून बरा, बोलणाऱ्याला तोंडघशी पाडायला. “वरचं बघून बोलू नकोस म्हणावं! आतला बघ! अशी पत्ती तुझ्या दौंडवाल्यानं दाखवली का कवा?”

मित्रानं इंग्रजीत एक छोटं वाक्य सांगितलं. पाहुणा भाव खाली बोलला. मी वर बोललो. तो खाली, मी वर. माझं लांबलचक तिखट बोलणं मित्राच्या तोंडातून जाताना दोन-चार शब्दांचं पातळ ताक होऊन जात होतं, हे मला भाषा न येता ऐकू येत होतं.

“सगळं सांग! ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात सांग!”

“शेठ, असं बोलतात का पाहुण्याशी?”

“तू जीभ हायस ना? मग जिभेनं चव बदलायची न्हाई!”

मित्राचं टाळकं सरकलं. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. तो पाहुण्याकडं वळला आणि माझ्यासारखे हात उडवत, माझ्यासारखा ओरडत इंग्रजी बोलला. बाया निवडायच्या थांबल्या. पाहुणा दचकला, आणि मग त्याला जोरात हसू फुटलं. हसू ओसरल्यावर त्यानं हात वर केला आणि मित्राशी सावकाश, बराच वेळ बोलला. मित्र ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं वाकून बुटावरची धूळ झटकली.

“काय म्हणतोय?”

“तुझ्याकडून घेणार म्हणतोय. एकट्याकडून.”

“का?”

“म्हणतोय, हा माणूस माझ्याशी एवढा भांडतो, म्हणजे माझ्या मालासाठी ड्रायव्हरशी, हमालाशी, बंदरावरच्या माणसाशीही भांडेल. तू राईट माणूस आहेस म्हणतोय.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की ह्यानं पुन्हा स्वतःच्या मनानं मला वाढलं तर नाही? पाहुण्याच्या तोंडचं हे ह्याच्या तोंडून ऐकून मी विश्वास का ठेवू? आणि राईट म्हणजे कोणता राईट? मी मित्राला बाजूला सारून पाहुण्यापुढं उभा राहिलो आणि विचारलं, “सुदुसु?”

पाहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं माझे दोन्ही हात धरले. “सुदुसु! सुदुसु!” आणि पुढं त्याच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलला. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवत म्हणालो, “हरि, हरि.”

मित्र माझ्या कोपराशी आला. “काय म्हणाला?”

“काय न्हाई,” मी म्हणालो. “आमचं आमचं.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखतो. वर्षभर ते माझ्या चेहऱ्यावर होतं. ते त्याच्याकडं गेलेलं बघून मला बरं वाटलं, आणि ते मी लपवलं नाही.

जेवण माझ्याकडं झालं. दुपारनंतर पाहुणा मित्राच्या गाडीतून दौंडला गेला, कारण तिथंही ताटं मांडलेली होती. गाडी वळताना मागच्या काचेतून दोघांच्या माना हलताना दिसल्या. बोलत होते.

माझा कांदा गेला. ट्रक मित्राचेच, पण आतला माल माझा. काही दिवसांनी कोलंबोहून मोबाईलवर आवाजी निरोप आला. पाहुण्याचा आवाज, मागं वारा, कावळे, कुणीतरी ओरडतंय. सगळं इंग्रजीत, घाईघाईचं. मी तो चाळीत ऐकला, पिकअपमध्ये ऐकला, जेवताना ऐकला. त्यात राईट होता. एकदा लांबवलेला, एकदा तुटका, एकदा हसत म्हटलेला. माल राईट पोचला, की राईट नव्हता, की उजव्या बाजूच्या गोण्या भिजल्या? पुढचे ट्रक भरायचे की थांबवायचे, हे त्या राईटवर होतं.

बायको म्हणाली, “जा की दौंडला.”

“मी कशाला जाऊ? पाव्हणा माझा, निरोप मला आलाय.”

“मग ऐकत बसा हरी हरी करत.”

गेलो. मित्र ओसरीवर बसला होता. मला बघून उठला नाही, पण सरकून जागा केली.

“या शेठ.”

“हे ऐक जरा. काय घेशील बोल.”

“आता ह्याचीपण घासाघीस करणार का? दे इकडं.”

त्यानं फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. काट्यावर माल चढवल्यावर पारड्याकडं बघावं तसा मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आधी काहीच हललं नाही. मग ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यानं मान मागं टाकली आणि मांडीवर थाप मारून हसला.

“माल?” मी म्हणालो. “मालाचं काय म्हणतोय?”

“माल चांगला पोचला. खूश आहे. पुढचा भर म्हणतोय.” त्यानं हात वर करून मला गप्प केलं. “थांब, थांब, पुढचं ऐकू दे.” आणि पुन्हा हसला, ह्या वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मालाचं कळलं होतं. उठायला हरकत नव्हती. तरी मी त्या ओसरीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. माझ्या पाहुण्यानं मला पाठवलेलं हसू आधी ह्याच्या तोंडावर पोचलं होतं. माझ्या वाट्याला ते त्याचं हसून झाल्यावर, मराठीत, निवलेलं येणार होतं, आणि मला ते हवंच होतं.